प्लेगच्या खाटेवर ताबा कोणाचा?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला. पुढल्याच महिन्यात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. पुढल्या मार्चपासून पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे गोरे सोजीर रोगी हुडकत घरोघर शिरू लागले आणि बायाबापड्यांच्या काखा-जांघा चारचौघांत तपासल्या जाऊ लागल्या. लोक अडाणी, म्हणून त्यांनी उपायांना विरोध केला, असे सरकारी कागद सांगतात. मला हे पटत नाही. भांडण औषधाशी नव्हतेच. घरातून उचललेला माणूस कुठे नेला, त्याच्या उशाशी कोण बसले, त्याला कोणाच्या हातचे पाणी मिळाले, यातले काहीच घरच्यांच्या हाती उरत नव्हते. भांडण त्याचे होते.

ज्या इस्पितळावर लोकांचा ताबा होता, तिथे रोगी दाखल होत, हा याचा पुरावा. झडत्यांवर ‘केसरी’तून सडकून टीका करणारे टिळक रोग्यांना वेगळे ठेवण्याच्या विरोधात नव्हते, पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ उभारण्यात ते पुढे होते. मुंबईत प्लेग समितीचे प्रमुख जनरल गेटॅकर यांनी जातीजमातींना स्वतःची इस्पितळे काढू दिली. हाफकिन यांच्या प्लेगवरच्या लसीबद्दल नाना कंड्या पिकत असताना तरुण आगाखानांनी ती सर्वांसमक्ष टोचून घेतली आणि मग त्यांचे खोजे अनुयायी पुढे आले. याउलट मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या एका आजारी मुलीला न्यायला पथक आले, तेव्हा मुंबईत दंगल पेटली.

कोणी म्हणेल, सक्ती नसती तर लोकांनी रोगी लपवलेच असते. पण ते सक्ती असतानाच अधिक लपवले गेले. पथकाची चाहूल लागली की तापाने फणफणलेले माणूस माळ्यावर नाहीतर शेजारच्या गल्लीत. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. जातीचे इस्पितळ म्हणजे ज्या जातीकडे पैसा, तिचे इस्पितळ. महारवाड्यातल्या रोग्याला त्यात जागा कुठली? इथे सावित्रीबाई फुल्यांचे काम वेगळे ठरते. दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात त्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी मुलगा पाठीवरून आणला, असे चरित्रकार सांगतात. १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या.

लोकसहभागाने प्लेग हटला, असेही नाही. तो पुढे कित्येक वर्षे येत राहिला. पण गावकऱ्यांचा एक उपाय शास्त्राच्या कसोटीलाही उतरला: उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या. उंदरांवरच्या पिसवांतून रोग पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. तोवर पुण्यात घरे धुऊन काढली जात होती, सामान जाळले जात होते. माळावरच्या झोपडीत मात्र ना जुन्या भिंतीतली बिळे होती, ना धान्याची कोठारे.