उरलेले चाळीस हजार



सासूबाईंची स्वाध्यायाची वही तीन वर्षं माझ्या कपाटात आहे. मागची साठ पानं कोरी. "मी पूर्ण करीन," असं त्यांना शेवटच्या दिवसांत कबूल केलं होतं. रोज दुपारी वही काढते. तेवढ्यात मोबाइल वाजतो, कुरिअरवाला येतो, नातवाच्या शाळेची बस येते. वही परत कपाटात.

या चातुर्मासात जयधवलेचा इतिहास वाचला आणि माझी मलाच लाज वाटली.

आचार्य वीरसेनांची षट्खंडागमावरची धवला टीका 72 हजार श्लोकप्रमाण आहे. ती इ.स. 816 मध्ये पूर्ण झाली असं मानतात. मग त्यांनी कषायपाहुडावर जयधवला लिहायला घेतली. 20 हजार श्लोक झाले आणि स्वामींनी देह ठेवला. उरलेले 40 हजार शिष्य जिनसेनांनी लिहिले आणि इ.स. 837 मध्ये ग्रंथ पूर्ण झाला.

काळ काही निवांत नव्हता. राष्ट्रकूटांच्या गादीवर अमोघवर्ष लहान वयात बसले होते, राज्यात बंडाळी होती. शिवाय सामायिक, प्रतिक्रमण, आहार, विहार हे मुनींना कधी चुकत नाही.

मी कॉमर्सची, म्हणून हिशेब मांडला. 21 वर्षं, 60 हजार श्लोक. दिवसाला आठसुद्धा भरत नाहीत! श्लोक म्हणजे इथे 32 अक्षरांचं माप. रोजची अडीचशे अक्षरं. एवढं तर मी फॅमिली ग्रुपवर सकाळच्या चहाआधीच टाइप करते.

पुढे जिनसेनांचंही महापुराण अपुरं राहिलं. ते त्यांचे शिष्य गुणभद्रांनी पुरं केलं. आणि मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतकं राहिलेली धवला छापून आपल्या हाती आली तीही अशीच, सावकाश. डॉ. हिरालाल जैन यांनी 1939 मध्ये अमरावतीहून पहिला खंड काढला. सोळा खंड व्हायला जवळजवळ वीस वर्षं लागली.

गेल्या सोमवारपासून दुपारी मोबाइल आतल्या खोलीत ठेवते आणि आठ ओळी लिहून उठते. बेल वाजली तर दार उघडते, परत येऊन बसते. आज पाचवं पान सुरू झालं. माझं अक्षर सासूबाईंच्या अक्षराशेजारी अगदीच वेडंवाकडं दिसतं, पण दिसू दे.

साठ पानं माझ्याच हातून पुरी होतील असं नाही. म्हणून वही कुठे असते, ते सुनेला दाखवून ठेवलं आहे.