स्पेक्ट्रमचे धूसर चित्र

अंगणात एखादी जुनी घोडागाडी जपून ठेवावी, तशी जुनी संगणकयंत्रे जपणारी मंडळी आज जगभर आढळतात. त्यांच्या प्रेमाचा एक मोठा वाटा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' या यंत्राच्या वाट्याला आलेला आहे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी ते २३ एप्रिल १९८२ रोजी ब्रिटनमध्ये विक्रीस आणले. सोळा किलोबाइट स्मृतीच्या यंत्रास १२५ पौंड, अठ्ठेचाळीसच्यास १७५. रबरी कळांची ही काळी पेटी घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची, टेपरेकॉर्डरवरून खेळ भरावयाचा, आणि काही मिनिटांच्या कर्कश किंचाळीनंतर खेळाला आरंभ व्हावयाचा! भारतातही १९८६ मध्ये तिची एक आवृत्ती परवान्याने निघाली होती.

किंमत अल्प ठेवावयाची तर काटकसर कोठेतरी होणारच. ती पडद्यावर उमटली. चित्रात आडवे २५६ आणि उभे १९२ बिंदू. प्रत्येक बिंदूला स्वतंत्र रंग द्यावा, तर स्मृती पुरती आटून जाईल. म्हणून आठ बिंदू लांब व आठ बिंदू रुंद असे चौकोन पाडले आणि एका चौकोनात दोनच रंगांना जागा दिली. अशा रीतीने बिंदूंना ६,१४४ आणि रंगांना अवघे ७६८ बाइट लागून सारे चित्र ६,९१२ बाइटांत बसले. युक्ती मोठी कुशाग्र खरी. पण तिचा दंड खेळाडूंना भोगावा लागला. तांबडा नायक हिरव्या झाडापाशी गेला, की झाडाचा तेवढा तुकडाही तांबडा होई! अनेक खेळकर्त्यांनी या भांडणाला कंटाळून एकरंगी चित्रांचाच आश्रय घेतला.

धूसरपणाचे कारण मात्र वेगळेच होते. यंत्रातून निघालेला चित्रसंकेत आधी एका लहरीवर चढवावयाचा, एरियलच्या छिद्रातून संचात शिरवावयाचा, आणि संचाने तो पुन्हा उतरवून घ्यावयाचा. घरातल्या घरात जणू एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच! या चढउतारात रेषा पुसट होत. त्यावरील उपाय हौशी मंडळींत रूढ झाला आहे. लहरीवर चढविणारी ती डबी टाळून मूळ संकेत सरळ संचाच्या व्हिडिओ-खाचेत सोडावयाचा. दोनचार तारांचे काम. तरीही रंग आणि उजेड एकाच तारेतून जात असल्याने कडांवरचा रंगीत झिरमिळा पुरता जात नाही. पुढच्या १२८ किलोबाइटच्या यंत्रात लाल, हिरवा व निळा यांचे संकेत वेगळे बाहेर काढण्याची सोय होती.

स्मृती वाढविण्याची हकीगत अधिक गमतीची आहे. ज्या चिपांचा अर्धा भाग सदोष निघे, त्या स्वस्तात घेऊन त्यांचा चांगला अर्धा भाग कामी लावला जाई. अशा आठ चिपा बसविल्या की सोळाचे अठ्ठेचाळीस होत. आज टेपची जागाही स्मृतिपत्राने घेतली असून खेळ क्षणात भरला जातो.

जुन्या यंत्रावर असे हत्यार चालवावे काय, यावर संग्राहकांत मतभेद आहेत. सुकलेले संधारित्र बदलणे ही दुरुस्ती होय, त्याला कोणी हरकत घेत नाही. मूळ पेटीस छिद्र पाडणे मला अनुचित वाटते. व्हिडिओची तार मात्र उद्या काढून पूर्ववत करता येते, म्हणून ती मी खुशाल जोडू देईन. एवढे केल्यावर चित्र लख्ख होते, आणि तांबडा नायक झाडापाशी आला की पूर्वी धुरकटपणात झाकला जाणारा तो तांबडा चौकोन आता चारही कोनांसह स्वच्छ दिसू लागतो.