बोडी कोणाची

मालगुजारी मोडली तेव्हा आमचे आबाजी पोरसवदा होते. रात्री शेकोटीपाशी ते त्या दिवसांच्या गोष्टी सांगायचे. १९५१ मध्ये मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले, झाडीपट्टीत त्यांना आजही मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात. पुढे पटवारी लाल फडक्यातला बस्ता घेऊन गावात आला. गुरं कुठे चरतात, सरपण कुठून आणता, कोणत्या बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, पाणी कोण घेतं, हे तो निस्तार पत्रकात लिहायचा आणि लगेच सगळ्यांना वाचून दाखवायचा. एक बोडी वाचनात आलीच नाही. मागे बसलेली माझी पणजी ताडकन उठली, "अन् आमची बोडी कुठी गेली, पटवारीबाबा?" नोंद झाली, मगच लोक उठले. निस्तार पत्रक म्हणजे काय, ते मला या गोष्टीतून कळलं.

आता नोंदी संगणकात आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, ही मोठी सोय झाली. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा होईपर्यंत भामरागड-सिरोंचाच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी थेट चंद्रपूर गाठावं लागे, तेही नदीनाल्यांना पूर नसला तर. त्या पिढीचे हाल ऐकलेला कोणीही या सोयीला नावं ठेवणार नाही.

पण आमच्या काकूचा अंगठा मशीन घेत नाही. तेंदूपानं तोडून, पुडे बांधून बोटांच्या रेषाच झिजल्यात. निराधारांच्या पैशासाठी ती केंद्रावर जाते, बोट पुसते, पुन्हा टेकवते आणि रिकाम्या हाती परत येते. पंचक्रोशी जिला ओळखते, तिची ओळख तिथे पटत नाही. याचा मला संताप येतो.

वनहक्क कायद्याचे नियम मात्र माणसाच्या शब्दाला मान देतात. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा तिथे पुरावा धरला जातो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात पाचगावलाही मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीनुसार असे हक्क महसूल आणि वन खात्याच्या दप्तरी तीन महिन्यांच्या आत चढवायला हवेत. दप्तर संगणकात गेलं म्हणून ही जबाबदारी सुटत नाही. उलट पडद्यावर जे नाही ते नाहीच, असं मानणारा साहेब उद्या खुर्चीत बसेल, म्हणून ती वाढली आहे.

सातबारा संगणकावर चढवताना २०१७ मध्ये राज्यात चावडी वाचन झालं होतं. ते दरवर्षी व्हावं, आणि त्यात वनहक्काचा नकाशाही वाचला जावा. गावातल्या शिकलेल्या पोरांना माझं सांगणं आहे: तुमच्या मोबाइलवर गावाच्या नोंदी उघडा, म्हाताऱ्यांना वाचून दाखवा, आणि ते जे सुटलं म्हणतील ते ग्रामसभेच्या ठरावात लिहून तहसिलात द्या. पोच घ्यायला विसरू नका.