दरोडेखोर माशीची ओळखपरेड

माशी म्हटले की उघड्या अन्नावर घोंघावणारी घरमाशी डोळ्यांसमोर येते. मात्र माश्यांच्या याच द्विपंखी गणातील एक मोठे कुल सर्वस्वी शिकारीवर जगते. 'ॲसिलिडी' हे या कुलाचे शास्त्रीय नाव. त्यातील माश्यांना इंग्रजीत 'रॉबर फ्लाय', म्हणजे दरोडेखोर माशी म्हणतात. जगभरात त्यांच्या ७,००० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे.

वाळलेल्या काडीच्या टोकावर, दगडावर किंवा उघड्या जमिनीवर ही माशी दबा धरून बसते. एखादा कीटक जवळून उडत गेला, की झेप घेऊन ती त्याला बहुधा हवेतच पकडते. मग टणक सोंड खुपसून त्याच्या शरीरात लाळ सोडते. या लाळेने भक्ष्य लुळे पडते, त्याच्या आतील भागांचा द्रव होतो आणि माशी तो शोषून घेते. मधमाश्या, गांधीलमाश्या, नाकतोडे, इतकेच नव्हे तर स्वतः शिकारी असलेले चतुरही तिच्या तावडीत सापडतात.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने तिची एक सवय मोलाची ठरते. झेप घेतल्यावर ती अनेकदा त्याच काडीवर परतते. त्यामुळे माशी उडाली तरी तिचा पाठलाग न करता जागीच थांबणे श्रेयस्कर. खाली वाकून, आपली सावली तिच्यावर पडू न देता सावकाश पुढे सरकावे. भक्ष्य शोषण्यात गुंतलेली माशी सहसा अधिक जवळ येऊ देते. तिला हातात मात्र धरू नये. तिचा दंश चांगलाच झोंबतो.

ओळख पटवायची असेल, तर केवळ देखणे छायाचित्र पुरत नाही. दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये डोक्याचा माथा खोलगट असणे आणि चेहऱ्यावर राठ केसांची दाट मिशी असणे, या कुलाच्या ठळक खुणा होत. धडपडणाऱ्या भक्ष्यापासून ही मिशी चेहऱ्याचे रक्षण करते, असे मानले जाते. या खुणा समोरून घेतलेल्या छायाचित्रातच नीट दिसतात. पंखांवरील शिरांच्या जाळीसाठी वरून, तर पाय आणि पोटाच्या टोकासाठी बाजूने छायाचित्र घ्यावे लागते.

एवढी दक्षता घेण्याचे कारण म्हणजे यातील काही माश्यांचे बेमालूम सोंग. भारतातही आढळणारी 'हायपरेकिया' ही माशी लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्यासारखी दिसते, आणि तिच्या अळ्या त्याच भुंग्याच्या अळ्या खातात. भुंग्याला पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. हा फरक टिपला गेला नाही, तर शिकारी आणि भक्ष्य यांची नावे सहज उलटसुलट होतात.

जातीपर्यंत पोचणे याहून अवघड आहे. अनेक जातींमधील भेद नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या जननेंद्रियांच्या रचनेत असतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. छायाचित्राच्या या मर्यादेवरून शास्त्रज्ञांमध्येही वाद झाला. २०१५ मध्ये स्टीफन मार्शल आणि नील इव्हनहुइस यांनी दक्षिण आफ्रिकेतील एका माशीची नवी जात केवळ छायाचित्रांच्या आधारे जाहीर केली. 'मार्लेयिमिया झायलोकोपी' नावाची ही माशी दरोडेखोर माश्यांच्या नव्हे, तर 'बी फ्लाय' या निराळ्या कुलातील, पण तीही भुंग्याचेच सोंग घेणारी. प्रत्यक्ष नमुना हाती नसताना दिलेले नाव पुढे पडताळायचे कसे, असा प्रश्न उपस्थित झाला. २०१६ मध्ये चारशेहून अधिक संशोधकांनी या पद्धतीविरुद्ध एका निवेदनावर सह्या केल्या. पकडता न आलेल्या जिवाची नोंदच करायची नाही का, हा समर्थकांचा प्रतिप्रश्न होता.

हौशी निरीक्षकाने यातून घ्यायचा बोध सरळ आहे. छायाचित्रासोबत तारीख, ठिकाण, अधिवास आणि पकडलेले भक्ष्य यांची नोंद ठेवावी. नाव मात्र खात्री असेल तेथपर्यंतच द्यावे. 'ॲसिलिडी कुलातील माशी' एवढीच नोंद पुढे अभ्यासकाला उपयोगी पडू शकते. अंदाजाने लिहिलेले जातीचे नाव मात्र एका नोंदीतून दुसरीत जाते आणि जेथे ती माशी कधी नव्हतीच, तेथेही तिचे अस्तित्व कागदोपत्री कायम करते.