नदीकांठचें एक झुडूप आणि त्याचें बारसें

दक्षिण चीनच्या युनान, क्वांग्सी, हायनान या प्रांतांत नदीच्या पात्रांतच, दगडगोट्यांच्या फटींत मुळें रोवून उभें राहणारें एक झुडूप आहे. पानें कण्हेरीसारखीं लांबट. चिनी लोक त्यास पाण्यांतील वाळुंज अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात. पुराखालीं तें दिवसचे दिवस बुडून राहतें, लवतें, पण उपटत नाहीं. त्याचें मूळ तेथील वैद्यकांत थंड गणलें आहे. अंगांतील उष्णता उतरविणें, पित्ताचा मार्ग मोकळा करणें आणि मूतखड्यावर उतारा देणें हीं त्याचीं कामें.

शास्त्रज्ञांत त्यास ‘होमोनोइया रिपेरिया’ म्हणतात. ग्रीक भाषेंत होमोनोइया म्हणजे ऐकमत्य. पुंकेसर एकमेकांस जोडलेले असतात, त्यावरून हें नांव पडलें. बारसें केलें जुआंव द लौरैरू या पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यानें. गोव्यांत व मकावांत कांहीं वर्षें काढून तो १७४२ सालीं कोचीनचीनांत, म्हणजे आजच्या व्हिएटनामच्या दक्षिणेकडील मुलखांत गेला आणि सुमारें पस्तीस वर्षें तेथेंच राहिला. युरोपांतील औषधें मिळेनात, म्हणून त्यानें तेथील झाडपाल्याचा अभ्यास आरंभिला. हौस नव्हे, गरज! आमच्या मतें त्याच्या ग्रंथाचें बळ या गरजेंतच आहे. ‘फ्लोरा कोचीनचिनेन्सिस’ हा तो ग्रंथ १७९० सालीं लिस्बन येथें निघाला. पुढल्याच वर्षीं ग्रंथकार वारला.

या ग्रंथांत लौरैरूनें वनस्पतींचीं देशी नांवेंही नोंदलीं, हा त्याचा प्रामाणिकपणा. परंतु तीं नांवें ज्यांच्या तोंडून आलीं, ते वैद्य व खेडूत शास्त्राच्या दप्तरांत कोठें आहेत? झाडाच्या नांवापुढें आजही लौरैरूचेंच नांव लागतें.

हेंच झुडूप आमच्या सह्याद्रींतल्या नद्यांतही उगवतें, आणि दक्षिण हिंदुस्थानांत कित्येक वैद्य त्यास पाषाणभेद म्हणून मूतखड्यावर देतात. एकानें दुसऱ्यापासून ही विद्या घेतली, कीं दगड फोडून वाढणारें मूळ पोटांतला दगडही फोडील असा तर्क दोहींकडे आपोआप सुचला, हा प्रश्न आम्हांस फार गोड वाटतो.

गोड नाहीं तें निराळेंच. या झुडपाला पूर हवा, तसाच ओसरही हवा. युनानमधून वाहणाऱ्या लान्त्सांग नदीवर, म्हणजे मेकाँगच्या वरच्या अंगावर, १९९० नंतरच्या दशकांत पहिलें मोठें धरण पुरें झालें व मागून इतर झालीं. अशा धरणामागें जें पाणी चढतें तें पुराच्या पाण्यासारखें चार महिन्यांनीं परत जात नाहीं.