सिंहलद्वीपांतील नेगोंबो नगर

या महोत्सवप्रसंगीं आम्ही आपणांस श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका कोळ्यांच्या नगराची ओळख करून देऊं इच्छितों. कोलंबोच्या उत्तरेस, समुद्र व खाडी जेथें मिळतात तेथें, नेगोंबो वसलें आहे. येथील फिरंग्यांचा कोट वलंदेजांनीं १६४० सालीं घेतला. फिरंग्यांनीं तो त्याच सालीं परत जिंकला. १६४४ सालीं तो पुन्हां वलंदेजांच्या हातीं गेला. भांडणाचें मूळ या भागांतील दालचिनी हें होतें. आम्ही तो कोट पाहिला. १६७८ हा आंकडा कोरलेली वेस अद्यापि उभी आहे. तिच्या आंत आतां तुरुंग आहे.

परंतु या नगराचें खरें वैभव दगडांत नाहीं. १६५८ सालीं लंकेंतील फिरंगी सत्ता संपली. वलंदेजांनीं कॅथलिक पाद्र्यांस घालवून दिलें, त्यांस आसरा देणें देहान्त शिक्षेस पात्र ठरविलें व देवळें आपल्या पंथाकडे घेतलीं. सुमारें तीस वर्षें ना मिस्सा, ना पापनिवेदन. तरी घरोघरीं प्रार्थना चालू राहिली. मुलांस धर्म वडीलधाऱ्यांनीं शिकविला.

१६८७ सालीं बाणावलीस जन्मलेले गोव्याचे फादर जुझे वाझ वेषांतर करून लंकेंत उतरले. कँडीच्या राजानें त्यांस हेर समजून प्रथम कैदेंत टाकिलें, पुढें त्यानेंच आश्रय दिला. तेथून ते व त्यांचे गोवेकर सहकारी किनाऱ्यावरील मंडळीस गुप्तपणें संस्कार देत. १७११ सालीं कँडीस त्यांनीं देह ठेविला. त्यांच्यामागून आलेले दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्वीस यांनीं सिंहली व तमिळ भाषांत धर्मग्रंथ रचिले. १७४२ सालीं नेगोंबोजवळील बोलवत्त गांवीं ते निवर्तले. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें फादर वाझ यांस संतपद दिलें.

२१ एप्रिल २०१९ हा ईस्टरचा रविवार होता, व संत जुझे वाझ यांचा जन्मदिनही. त्या सकाळीं नेगोंबोच्या कटुवापिटिय भागांतील संत सेबास्टियनच्या देवळांत भाविक जमले असतां आत्मघातकी स्फोट झाला. शंभरांहून अधिक जीव गेले. तेंच देऊळ दुरुस्त होऊन तेथें पुन्हां उपासना सुरू झाली.

देऊळ बांधणें पुण्यकर्म खरें. पण देऊळ हिरावलें गेलें असतां मंडळी काय करिते, यांत तिची श्रद्धा पारखली जाते. नेगोंबोकरांनीं ही परीक्षा दोनदां दिली. आपण या महोत्सवांत वर्षें मोजीत असतां एक प्रश्न घरींही विचारावा : उद्यां पाद्री नसला, तर आपल्या मुलांस स्वर्गीय बापाची प्रार्थना कोण शिकवील?