मिशनच्या दप्तरातून मूळपुरुषाचा शोध

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती घराण्यांचा पहिल्या पिढीपर्यंतचा माग प्रामुख्याने अमेरिकन मराठी मिशनच्या कागदपत्रांतून लागतो. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले. डिसेंबर १८३१ मध्ये ॲलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्व्ही नगरला आले. त्यांच्यासोबत बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. हर्व्ही १८३२ मध्ये आणि बाबाजी १८३३ मध्ये पटकीने गेले. रीड यांनी लिहिलेले बाबाजींचे चरित्र १८३६ मध्ये अमेरिकेत छापले गेले. नगरच्या एका मराठी माणसाचा इतका सविस्तर वृत्तांत त्या काळात क्वचितच मिळतो.

सर्वांचे नशीब असे नव्हते. हरिपंत रामचंद्र खिस्ती, रामकृष्णपंत मोडक अशा पाळकांविषयी मिशनरी भरभरून लिहीत. गोदाकाठच्या गावांतून मोठ्या संख्येने मंडळीत आलेली महार कुटुंबे मात्र गावाचे नाव आणि एकूण आकडा यांत विरून जातात. घरधनिणीचा उल्लेख बहुधा 'अमक्याची बायको' एवढाच. वंशशोधातली खरी मेहनत इथे आहे, आणि ती घ्यायलाच हवी. कारण जिल्ह्यातल्या बहुसंख्य ख्रिस्ती घरांचे पूर्वज याच आकड्यांत आहेत.

शोधाची सुरुवात गावच्या चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्यांपासून करणे श्रेयस्कर. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानंतर विवाहनोंदी अधिक पद्धतशीर झाल्या. त्याआधीच्या काळासाठी बोस्टनचे मासिक 'मिशनरी हेरल्ड', मिशनचे वार्षिक अहवाल आणि १८४२ मध्ये नगरला सुरू झालेले 'ज्ञानोदय' चाळावे लागते. १८८२ मध्ये निघालेला मिशनचा स्मारकग्रंथ १८१३ ते १८८१ या काळाचा पट एकत्र देतो. मिशनऱ्यांची मूळ पत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. जिल्ह्यातील वडाळ्याच्या किंवा राहुरीच्या पणजोबांचा उल्लेख तिथल्या एखाद्या पत्रात असू शकतो.

नावे जुळवताना घाई करू नये. जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतेच. माणूस स्वतःच्या आणि बापाच्या नावाने ओळखला जातो. इंग्रजी स्पेलिंगही लिहिणाऱ्यागणिक बदलते. म्हणून नाव, गाव आणि साल ही तिन्ही जुळल्याशिवाय नाते धरू नये. गावाचा जिल्हाही तपासावा: नाशिक जिल्हा १८६९ मध्ये वेगळा झाला, त्यापूर्वी त्याचा बराच भाग नगरकडे होता.

अमेरिकन मिशनरी घराण्यांची वंशावळ याच दप्तरात तुलनेने सहज सापडते. १८३५ मध्ये आलेल्या हेन्री बॅलंटाइन यांची मुलगी मेरी वडाळ्याच्या सॅम्युएल फेअरबँक यांना दिली होती. फेअरबँक यांची कन्या केटी पुढे रॉबर्ट ॲलन ह्यूम यांची दुसरी पत्नी झाली. ह्यूम यांचा जन्म मुंबईचा, १८४७ चा. त्यांच्या पहिल्या पत्नीचे वडील एबेनेझर बर्जेस हेही याच मिशनचे आणि सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतरकार. जन्म, शिक्षण, लग्न, मृत्यू असे सारे या घराण्यांबाबत लिहून ठेवलेले आहे.

सर्वांत कठीण गाठ दुष्काळाची. १८७६–७८ आणि १८९६–१९०० या काळात मिशनच्या आश्रयाला आलेल्या अनाथ मुलांपैकी अनेकांच्या आईबापांची माहिती कोणाकडेच नव्हती. अशा घराण्यांची वंशावळ त्या मुलापाशीच सुरू होते, आणि त्याला मिळालेले नाव हीच तिची पहिली नोंद असते.